चौथ्या गढीसमोर

मी एक जुनी, काळी, बावीस इंची सायकल आहे, मित्रांनो. घंटी सोडून माझं सगळं वाजतं असं घरातले म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

एकोणीसशे एकाहत्तर साली सीताबर्डीच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि बळीराम नावाच्या तरुणानं मला घरी नेलं. तो हिवताप खात्यात फवारणीला होता. कॅरिअरला पंप बांधायचा, गावोगाव जायचं, औषध मारायचं आणि दारावर गेरूनं तारीख लिहायची, हे आमचं काम. सकाळी तो मला पुसायचा, आठवड्याला साखळीला तेल द्यायचा. गाडी ठेवावी तर बळीरामनं, असं लोक म्हणत. मीही तेव्हा जरा तोऱ्यातच असायची.

पण आमच्या फिरतीच्या गावांत चार गढ्या होत्या. गढी म्हणजे मालगुजाराचं भिंतबंद मोठं घर, आणि मालगुजार म्हणजे एके काळचा गावाचा मालक. बळीरामच्या वडिलांना त्या दारांसमोरून सायकलवर बसून जायची मुभा नव्हती. खाली उतरायचं, मान खाली घालून चालायचं, भिंत संपली की पुन्हा बसायचं. पुढे मालगुजारी गेली. छप्पन्न साली नागपुरात बळीरामच्या वडिलांनी लाखोंसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बळीरामच्या अंगावर तर सरकारी खाकी होती. त्याला कुणी उतर म्हणत नव्हतं. तरी भिंत आली की त्याचे पाय आपोआप खाली यायचे. लहानपणी बापामागे चालून लागलेली सवय ती. मग तो स्वतःवरच चिडायचा आणि पुढे पायडल असं हाणायचा की माझी हाडं खिळखिळी व्हायची. तीस वर्षं हे चाललं. एकदाही त्याला बसून जाणं जमलं नाही.

तो निवृत्त झाला, गुडघे गेले आणि मी टिनाच्या शेडमध्ये खिळ्याला लटकले. कबुतरांनी माझ्यावर घाण केली, टायर विटले, साखळी गंजून ताठ झाली. दहा-बारा वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगते, फार वाईट वाटायचं.

यंदा जानेवारीत त्याची नात भावना एक बातमी घेऊन घरी आली. एका सायकल क्लबची फेरी निघणार होती. त्याच चार गढ्या, एकशे दहा किलोमीटर, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. बळीराम तेव्हा अंथरुणावरच होता. पाय सुजलेले, बोलतानाही धाप लागायची.

"माह्या गाडीवर जाजो," तो म्हणाला. "अन् गढीसमोर उतरू नोको. मी त उतरतच राहिलो वं जिंदगीभर."

"नाही उतरत, आबाजी."

सायकलवाल्या साहिलनं मला उलटी करून पाहिलं. "ताई, चेन पूरी सडली हिची. दोन दिवस ठेवा, नवी लावून देतो."

"उद्याच जायचं आहे," भावना म्हणाली. "थोडं तेल टाकून द्या बस."

टायर बदलले, तेल पडलं. ते पुरायचं नाही हे मला ठाऊक होतं, पण मला बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी कामठी मागे पडली तोवर गिअरच्या सायकली कधीच पुढे निघून गेल्या होत्या. समोरून वारा, रस्त्यावर गिट्टी, भावनाच्या तळहातांना फोड. पहिल्या गढीत आता शाळा भरते. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती बसून गेली आणि तिनं फोन लावला.

"आबाजी, पहिली झाली. उतरली नाही."

"जाय पुढं," तो म्हणाला.

दुसऱ्या गढीत गोदाम होतं, तिसरीला कुलूप. तिथेही ती उतरली नाही. दर फोनला त्याचा आवाज बारीक होत गेला.

चौथी गढी आली तेव्हा चार वाजून गेले होते. तिचा आता लग्नाचा लॉन झालाय. रस्त्याला चढ होता. भावनाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, तरी ती उभी राहून पायडल मारत होती. बरोबर फाटकासमोर माझी साखळी तुटली. पायडल रिकामंच फिरलं आणि तिचा पाय जमिनीवर आला.

चौकीदार म्हणाला, "मॅडम, इथं थांबू नका. गाडी हातानं पुढं घेऊन जा."

ती मला ढकलत भिंतीच्या कडेनं चालली. मान खाली होती आणि अश्रू माझ्या हँडलवर पडत होते. भिंत संपली, तेव्हा फोन वाजला.

"झाली का वं चौथी?"

तिनं तुटलेल्या साखळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाव, आबाजी. नाही उतरली."

"बरं केलं बाई," तो म्हणाला. "माहे पाय हलके झाले."

मंगळवारी तो गेला.

त्याच्यामागे बौद्ध रीतीनं केलेलं पुण्यानुमोदन आटोपल्यावर भावनानं मला साहिलकडे दोन दिवस ठेवलं. नवी साखळी बसली. रविवारी ती एकटीच मला घेऊन थेट चौथ्या गढीला गेली. सगळी भिंत बसून ओलांडली, एकदाही पाय टेकला नाही. टोकाला थांबून तिनं फोन काढला, आबाजींचा नंबर काढला आणि तो तसाच परत ठेवला.

मित्रांनो, आम्हाला तेल हवं असतं तेव्हा आम्ही करकर करून सांगत असतो. ती करकर ऐकली की त्याच दिवशी तेल द्या, उद्यावर टाकू नका. भावना आता दर रविवारी मला पुसते, साखळीला तेल देते. त्या चौथ्या फोनबद्दल मात्र कुणाशी बोलत नाही.