नदीकाठचं माहेर

सासूबाईंनी हात वर केला, तेव्हा तिने घाईघाईने फळा पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर फारसं नव्हतंच. ‘आपल्या देशाचा माणूस कशावरून ओळखायचा?’ एवढी एकच ओळ होती, आणि तीच तिने अर्धी पुसून टाकली.

सासूबाईंनी वर्गात तोंड उघडायचं नाही, असं घरून निघतानाच ठरलं होतं. निदान आजच्या दिवस तरी. आज शेवटच्या बाकावर विभागप्रमुख बसले होते. ‘देश आणि आपण’ हा अभ्यासक्रम विद्यापीठाने नव्यानेच काढला होता. भाषा ती शिकवायची, भूगोल आणि इतिहास आणखी दोघे जण. तिघांचे तास वेगळे, तिघांची तोंडं तीन दिशांना. अभ्यासक्रम पुढे चालवायचा की गाशा गुंडाळायचा, हे प्रमुख आज वर्ग पाहून ठरवणार होते. आणि वर्ग तर असा, की मुलं यायची, मुकाट्याने लिहून घ्यायची, उठून जायची. बोलणारं माणूस एकच, पोस्टातून निवृत्त होऊन हौसेने नाव घातलेल्या तिच्या सासूबाई. मुलं त्यांना काकू म्हणत, आणि त्या सुनेला वर्गात न चुकता मॅडम म्हणत.

“काकूंना काहीतरी म्हणायचंय,” मागून प्रमुखच म्हणाले.

आता इलाज नव्हता.

“बोला,” ती म्हणाली.

“सोपं आहे, मॅडम.” सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “आपला माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दारात कुणी ‘जातो’ म्हणालं, की समजावं, बाहेरचा आहे.”

वर्ग हसला. तिचाही जीव भांड्यात पडला. उत्तर मुद्द्याला धरून होतं, त्यावर अर्धा तास सहज बोलता आलं असतं. तिने खडू उचलला. तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी बोलली. आजवर हजेरीपलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

“आमच्या घरी ‘जातो’च म्हणतात. आजोबा नदीपलीकडून, त्या देशातून आलेले. बाबांचा जन्म इथला, माझाही इथलाच.” मुलगी जरा थांबली. “मग मी कोण?”

हसू जिथल्या तिथे विरलं. उत्तरं पुस्तकांत होती, एक सोडून चार होती. पण त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणता येईल असं त्यांतलं एकही तिला सापडेना. मागे प्रमुखांनी खुर्चीत अंग सावरलं.

सासूबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“चुकलं बाळ माझं,” त्या म्हणाल्या. “आणि मी तरी कोण सांगणारी? माझ्या माहेरीही ‘जाते’च म्हणायचे.”

खडू तिच्या हातात तसाच राहिला.

“म्हणजे काकू, तुम्ही पलीकडच्या?” कुणीतरी विचारलं.

“लग्न होऊन अलीकडे आले. पहिल्यांदा भाजी आणायला निघाले आणि दारात ‘जाते’ म्हणाले. माझ्या सासूबाईंनी हात धरून आत ओढलं, खाली बसवलं, ‘येते’ म्हणवून घेतलं, मग सोडलं. बिचारीला वाटलं, सून कायमचीच निघाली.”

आता वर्ग खो खो हसला. मुलगीही हसली.

“पण ‘येतो’ म्हणायला हरकत काय?” एकाने त्या मुलीला विचारलं.

“पाहुण्याने म्हणावं,” ती मुलगी म्हणाली. “घरचं माणूस परत येणारच असतं. ते सांगायचं कशाला?”

“अगदी!” सासूबाई म्हणाल्या. “माझी आई हेच म्हणायची.”

मग बांध फुटला. एकाच्या घरी काहीच न बोलता नुसते बूट घालत. दुसऱ्याच्या घरी निरोप घेऊन झाल्यावर दारात खऱ्या गप्पा सुरू होत. सरकार तर ‘येतो’ की ‘जातो’ विचारत नाही, जन्म कुठला ते विचारतं, असं एक जण म्हणाला आणि त्याच्यावर चार जण तुटून पडले. पुढच्या तासासाठी दाराशी ताटकळलेले भूगोलाचे सर राहवेना म्हणून आत शिरले.

“अहो, पण नदीच धड एका जागी आहे कुठे? पात्र बदलत आलीय ती. हिच्या आजोबांचं गाव तेव्हा अलीकडेही असेल!”

त्यांनी तिच्या हातातून खडू घेतला आणि अर्ध्या पुसलेल्या ओळीवरच नदी काढली. इतिहासाच्या बाईंना बोलावून आणायला कुणीतरी धावलं. ती फळ्यापासून बाजूला झाली. तास तिचा होता, पण आता तिथे तिचं काही काम उरलं नव्हतं, आणि याचाच तिला मनापासून आनंद होत होता.

प्रमुख निघाले तेव्हा दारात घुटमळले. काय म्हणून निघावं, ते त्यांना सुचेना.

“पुढच्या वर्षी मोठी खोली बघा,” एवढंच म्हणून ते बाहेर पडले.

व्हरांड्यात आल्यावर तिने सासूबाईंची पिशवी आपल्याकडे घेतली.

“आई, इतकी वर्षं कधी बोलला नाहीत.”

“सांगितलं होतं की. माहेर नदीकाठचं आहे म्हणून. कोणत्या काठाचं, ते तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही.”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ती भाषेची प्राध्यापक, एका छताखाली राहणारी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा. काहीतरी बोलावं म्हणून ती शब्द जुळवत होती, तोच मागून ती मुलगी आली आणि सासूबाईंना पलीकडच्या बोलीत काहीतरी म्हणाली.

सासूबाई थबकल्या. आधी एक शब्द चाचपडत बोलल्या, मग दुसरा. मग त्यांचं बोलणं धावायलाच लागलं. हात हलू लागले, भुवया उडू लागल्या. मुलीने काहीतरी विचारलं आणि त्या तिच्या पाठीत धपाटा घालून मोठ्याने हसल्या. हे हसू घरात कधी ऐकू आलं नव्हतं.

तिला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तिने दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकून ती ऐकत राहिली.