आईच्या आवाजाला तोंड

"ए हर्षाली, त्या सशाचं तोंड मिटव आधी! बोलून झालं तरी चावतोय कधीचा," सुदर्शन ओरडला. हर्षालीने मुकाट्याने सशाचं तोंड मिटवलं.

मंचरला नेमीचंद शेठच्या खताच्या दुकानावर सुदर्शनचा कार्टूनचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, दोन खोल्या, काही कॉम्प्युटर आणि खालून येणारा खताचा वास. पुण्याहून रेकॉर्ड केलेले आवाज यायचे आणि त्या आवाजांबरहुकूम चित्रांची तोंडं हलवायची, हे हर्षालीचं काम. 'प' आला की ओठ मिटायचे, 'ऊ' आला की चंबू. अडलं तर समोरच्या आरशात बघून ते वाक्य स्वतःच म्हणायचं. सगळेच म्हणायचे. खाली खत घ्यायला आलेल्या पावण्यांना वाटे, वर वेड्यांचा बाजार भरलाय.

ससा संपल्यावर सुदर्शनने नवी फाइल दिली. बिबट्यापासून कसं जपावं, यावर शाळांसाठी फिल्म होती. ज्यांच्या घरातलं माणूस बिबट्याने नेलं, तीच माणसं त्यात बोलली होती. पुण्याच्या बायकांनी गावोगाव फिरून त्यांचे आवाज टिपले होते. नाव नाही, चेहरा नाही, या बोलीवर. चेहऱ्याच्या जागी चित्र असणार होतं.

हर्षालीने हेडफोन लावला.

"अंधार पडाया लागला व्हता. मी गोठ्यात धार काढत व्हते."

तिचा हात माउसवरच राहिला. आवाज तिच्या आईचा होता.

तिचा कानांवर विश्वास बसेना. तिची धाकटी बहीण अक्षदा, चार वर्षांची पोर, बिबट्याने घरच्या ओट्यावरून उचलून नेली होती. त्या संध्याकाळबद्दल आई, शीला, आजवर एक अक्षर बोलली नव्हती. आईचंच लक्ष नव्हतं, असं अख्खं अवसरी गाव म्हणालं. हर्षालीही म्हणाली, आईच्या तोंडावर म्हणाली. तेव्हापासून मायलेकींत कामापुरतं बोलणं उरलं होतं.

"पोर आजोबापाशी व्हती वट्यावर. 'जा तू धारंला, मी हाये,' तेच म्हनले मला. अन् त्यांचा डोळा लागला. मी कुनाला सांगितलं न्हाई. म्हाताऱ्या मानसाला लोकांनी जगू दिलं नसतं. मी म्हनलं, माझंच ध्यान नव्हतं."

हर्षालीने फाइल थांबवली. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"धाकली गेली अन् थोरलीबी गेल्यासारखीच. घरात असती, पर बोलत न्हाई. बोलंल कवातरी."

काम ते काम. ती आरशासमोर ते वाक्य म्हणायला गेली. 'बोलंल'च्या 'ब'ला ओठ मिटले, ते उघडेचनात. तिचा पांढराफटक चेहरा बघून सुदर्शनने तिला घरी धाडलं.

शीला चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. "लवकर आलीस?"

"आई, पुण्याच्या बायकांना तू काय सांगितलंस?"

थापणारा हात थांबला. "तुला कुनी सांगितलं?"

"तुझ्या आवाजाला तोंड मीच काढतेय."

"अगं बया! मला वाटलं, तुमी ससं-कासवं काढता."

"मी तुला काय काय बोलले आई! एकदा तरी सांगायचंस ना!"

बाहेर धर्माजी आजोबा खोकले. हर्षाली ताडकन उठली. म्हाताऱ्याला जाब विचारावा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. शीलाने पिठाच्या हाताने तिचं मनगट धरलं.

"काय बी इचारू नको. रातभर जागं बसत्यात ते वट्यावर. तुला वाटतं, वयामुळं."

"पण ही फिल्म आपल्या शाळेतपण दाखवतील. लोक तुझा आवाज ओळखतील ना."

शीलाने मनगट सोडलं. चेहरा झाकला म्हणजे सगळं झाकलं, असं धरून चालली होती ती.

"मग तेवढं आजोबांचं काढून टाक."

"म्हणजे बोल परत तुझ्यावरच येणार!"

"ऱ्हाऊ दे. मला सवय हाये. बाकीचं मातर ठेव. धारंला जाताना पोर वट्यावर सोडू नये, हे बायांनी ऐकलं पायजे."

हर्षालीने आईच्या मांडीवर डोकं टाकलं आणि हमसाहमशी रडली. लेकीच्या केसांना पीठ लागू नये म्हणून शीला दोन्ही हात वर धरून बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

बोलणाऱ्या बाईचीच तशी इच्छा आहे म्हटल्यावर पुण्याच्या बायका तयार झाल्या. हर्षालीने तेवढा आवाज पुसला. चित्र मात्र तेवढा वेळ तसंच ठेवलं.

"इथं आवाज कुठाय?" सुदर्शनने विचारलं. "बाई नुसतीच बसलीय. काप की तेवढं."

"नाही कापायचं. ती तिथं गप्प बसलीय."

"अगं, पण कशाला?"

हर्षालीने फिल्म पुन्हा लावली. पडद्यावरची बाई ओठ मिटून समोर बघत राहिली.