एकदम मॅचिंग

एरवी मी हाताला लागेल तो टीशर्ट घालणारा माणूस. पण माझी मैत्रीण कीर्तना हिच्या घरी आमच्या लग्नाचं बोलायला जायचं, तेही चेन्नईत, म्हणून खास तयारी केली. काळा शर्ट, त्याला मॅचिंग काळी वेष्टी, म्हणजे तिकडची लुंगी, नेसलो, गळ्यात रुद्राक्षांची माळ, वर आठवड्याची दाढी. आरशात बघून स्वतःवरच खूश झालो.

वेस्ट मांबलमला तिच्या घराचं दार उघडताच तिची आई ‘स्वामी!’ म्हणत माझ्या पाया पडली. वडिलांनी पाट मांडला. एवढा मान! मी लगेच विषय काढला.

वडिलांनी कानांवर हात ठेवले. “अंगावर काळी वस्त्रं, गळ्यात माळ, शबरीमलेचं ब्रह्मचर्याचं व्रत चालू असताना लग्नाच्या गोष्टी, स्वामी? कीर्तना, तू आत जा बघू!”