नारायणरावांचा राम राम

नारायणरावांचा राम राम चुकवून अमडापुरातून कोणी एस.टी. पकडली असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. सरपंच असताना ते विरोधकालाही आधी राम राम घालत आणि मग कडाकडा भांडत. जन्माचे दोस्त माणिकराव तेवढे वेगळे. त्यांना कायम 'जय भीम'.

लकव्याने उजवं अंग नेलं, वाचा नेली. उरला फक्त राम राम. डावा हात कपाळाशी जायचा आणि ते दोन शब्द असे खणखणीत यायचे, की भेटायला आलेले लोक त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंनाच म्हणायचे, "भाऊ तं ठणठणीत हायेत, काकू!" चहा पिऊन ते मोकळे व्हायचे. या माणसाला तहान लागलीय की पाठ दुखतेय, हे बाईंनी कशावरून ओळखायचं ते कोणी सांगत नव्हतं. त्या घास भरवायच्या, तेव्हा नारायणरावांची नजर भिंतीवर असायची. खामगावच्या डॉक्टरांनी तर बजावलंच होतं, सवयीचे शब्द आपोआप येतात, त्यावरून काही धरून चालू नका. बाईंना एकच प्रश्न रात्रंदिवस पोखरत होता. हे मला ओळखतात का?

निवडणूक आली आणि पक्षाचा मोतीराम दारात उभा राहिला. "वयनी, भाऊले फक्त स्टेजवर बसवाचं. राम राम म्हनलं का झालं काम."

लाज कोळून प्यालेला माणूस! तरीही बाईंनी होकार दिला. आपली माणसं पाहून काही हललं तर हललं, एवढीच वेडी आशा.

सभेत नारायणरावांनी राम राम घातला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मग माणिकराव वर चढले. "जय भीम, नारायणराव."

"राम राम."

माणिकरावांनी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग ते खाली उतरले. सभा संपली, पोरं खुर्च्या उचलू लागली, तर नारायणराव त्या रिकाम्या खुर्च्यांनाही राम राम घालत होते.

घरी आल्यावर त्यांनी जे केलं, ते शुद्धीवरची बायको करणार नाही. राम राम बाहेरच्याला घालतात. आपल्या नवऱ्याला घातलेला आमच्या मुलखात कोणी ऐकलेला नाही. बाई ओसरीवर गेल्या, पदर सारखा केला, परक्यासारख्या आत आल्या आणि खाटेपुढे हात जोडले. "राम राम, नारायणराव."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. निदान तो एक शब्द तरी आपल्या वाट्याला यावा म्हणून जीव तुटत होता. आणि बोलून गेल्यावर त्या हादरल्या. यांनी उत्तर दिलं, तर मीही त्या खुर्च्यांतलीच एक.

डावा हात वर उठला.

"नका म्हनू," बाई पुटपुटल्या. "पाया पडते, नका म्हनू."

हात कपाळाशी गेला नाही. तो बाईंच्या जोडलेल्या हातांवर आला आणि ते हात ओढून सोडवू लागला, रागाने, नखं लागतील इतक्या जोराने. मान नाही-नाही करत होती. तोंडातून शब्द निघत नव्हता.

बाईंनी तिथेच हंबरडा फोडला. तो ऐकून शेजारची वच्छलाबाई धावत दारात आली. "काय झालं वं माय?"

नारायणरावांनी बायकोचे हात सोडले, कपाळाशी हात नेला आणि वच्छलाबाईला म्हणाले, "राम राम."