मोटारीला पाजलेलं एरंडेल

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्याला सात-आठ वर्षं झाली असतील. गंगापूरकडचे बागायतदार आप्पासाहेब लेकीच्या शिक्षणाच्या निमित्तानं औरंगाबादेत, औरंगपुऱ्यात येऊन राहिले होते. शहरात आल्यावर त्यांनी हैदराबादेस निघून गेलेल्या एका नवाबाची विलायती मोटार घेतली, आणि मोटारीबरोबर मजीद आला.

मजीद नवाबाचा जुना ड्रायव्हर. इंजिन, चाकं, दिवे यांचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. त्याचा जीव होता आतल्या गाद्यांवर. डाळिंबाच्या सालीच्या रंगाचं लालभडक चामडं, हात लावला तर लोण्यासारखं मऊ. रोज सकाळी तो मलमलचं फडकं ओलं करून घट्ट पिळायचा आणि गाद्यांवरची धूळ टिपायचा. जुम्म्याच्या दिवशी साबणाचा नुसता फेस घेऊन, पाणी लागू न देता, शिवण अन् शिवण पुसायचा. मग दारं उघडी टाकून सावलीत वाळू द्यायचा, आणि शेवटी बोटाच्या टोकावर कसलंसं तेल घेऊन अत्तर लावावं तसं चोळायचा. या कामात दुसऱ्या कुणाचा हात त्याला खपत नसे.

त्याचे कायदेही कडक होते. वहाणा बाहेर. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा बाहेर. जरीची साडी असेल तर खाली चादर. डोक्याला तेल लावून आलेल्यानं मागं टेकायचं नाही. आप्पासाहेबांच्या डोक्याला बारमाही तेल, त्यामुळं मालक असून ते स्वतःच्या मोटारीत काठीसारखे ताठ बसायचे. घरी उतरले की त्यांच्या पत्नी आवडाबाई पाठीला शेकायला विटकर तापवून द्यायच्या आणि तोंड फिरवून हसायच्या.

चैत्राच्या सुरुवातीला मजीद परभणीला गेला. त्याची लेक मुनिरा बाळंतपणाला आली होती. जाताना त्यानं आप्पासाहेबांना बजावलं की मोटार उन्हात काढू नका, आणि गाद्यांना काही करू नका.

दोन दिवस आप्पासाहेबांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी ते मोटारीत जाऊन ऐसपैस टेकून बसले, तेव्हा त्यांना पुढच्या गादीच्या कडेला बारीक भेगा दिसल्या. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा, पण केसाएवढ्या. त्यांनी भेगांवरून बोट फिरवून पाहिलं. उभी हयात त्यांनी विहिरीवरची चामड्याची मोट सांभाळली होती. कातडं तडकायला लागलं की मोट एरंडेलात भिजवायची, ही त्यांच्या वाडवडलांची रीत. त्यांनी गड्याला, पुंजारामला, हाक मारली.

पुंजारामनं भीत भीत विचारलं की मजीदमियाँ येऊ द्यावेत का.

"मजीदचं बोटभर तेल म्हंजी उंटाच्या तोंडात जिरं," आप्पासाहेब म्हणाले. "कातडं तहानलंय. त्याला पोटभर पाजाया पायजे."

आणि पाजलं. चांगला डबाभर एरंडेल दोघांनी मिळून गाद्यांना चोळलं. चामडं प्यालं तेवढं प्यालं, बाकीचं वर तरंगत राहिलं. गाद्या अशा चमकायला लागल्या की आप्पासाहेबांना त्यात स्वतःची मिशी दिसली. मजीद आल्यावर त्याचं तोंड कसं होईल, या विचारानं ते दिवसभर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याहून पाहुणे येऊन थडकले. आप्पासाहेबांच्या लेकीला, आशाला, बघून गेलेले काकासाहेब वकील, आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. मुलाला, बन्सीला, मुलगी पसंत होती. फक्त थोरामोठ्यांचा होकार अडला होता. काकासाहेब म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. बगळ्याच्या पंखासारखं पांढरं धोतर, पांढरा कोट. द्वारकाबाईंना तर कुणी हसताना पाहिलं नव्हतं म्हणतात. चहा झाल्यावर काकासाहेबांनी इच्छा सांगितली की तुमची मोटार आहे, तर वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घेऊ आणि तिथंच देवासमोर काय ते ठरवू.

नाही म्हणायची सोयच नव्हती. आप्पासाहेबांचा पुतण्या बद्रीनाथ चालवायला बसला. पुढं त्याच्या शेजारी आप्पासाहेब आणि काकासाहेब, मागं दोघी बायका. काकासाहेब बसता बसता नाक वर करून म्हणाले, "लहानपणी आमच्या आई दर रविवारी पाजायच्या, तसला वास येतोय." आप्पासाहेबांनी काच खाली केली.

दौलताबादपर्यंत सगळं ठीक होतं, कारण रस्ता सरळ होता. पुढं घाट लागला. पहिल्या वळणावर काकासाहेब गादीवरून सुळकन घसरले आणि थेट आप्पासाहेबांच्या मांडीवर आले. माफी मागून सावरून बसतात तोवर दुसरं वळण उलटं आलं, आणि आप्पासाहेब त्यांच्यावर गेले. मागं दोघी बायका सुपातल्या दाण्यासारख्या या दारापासून त्या दारापर्यंत जात-येत होत्या. आवडाबाईंनी देवाचं नाव घेतलं. बद्रीनाथला वाटलं, वेग कमी पडतोय म्हणून पाहुणे चुळबुळ करतायत. त्यानं गाडी आणखी दामटली.

वेरूळला उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं, आणि गाद्याही. काकासाहेब देवळाकडं चालू लागले. मागून येणारे आप्पासाहेब जागीच थबकले. वकीलसाहेबांच्या धोतराला बसल्या जागी मोठा लालभडक मळवट भरला होता. तेलानं चामड्याचा रंग सुटून वर आला होता. देवळासमोरच्या बेलफूलवालीनं तो पाहिला आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. हसू रांगेत पसरत पसरत काकासाहेबांपर्यंत पोचलं. त्यांनी मागं हात नेला, बोटं पाहिली, बोटांचा वास घेतला.

"हे कुणी केलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "त्या नवाबाच्या ड्रायव्हरनं? असली माणसं घरात ठेवता कशाला तुम्ही?"

आप्पासाहेबांना वाट आयती मिळाली होती. मजीद परभणीत होता, आणि ते दिवस असे होते की त्याच्यावर काहीही ढकललं असतं तरी कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. एक 'व्हय' म्हटलं की लेकीचं लग्न सावरत होतं. आप्पासाहेबांनी तोंड उघडलं.

"नाय," ते म्हणाले. "म्याच केलं. तो नको म्हणून गेला होता. मला लई शहाणपण आलं."

काकासाहेबांचा चेहरा धोतरावरच्या मळवटाच्या रंगाचा झाला. तेवढ्यात मागून एक विचित्र आवाज आला, कोंबडी खाकरावी तसा. द्वारकाबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. एकदा बांध फुटल्यावर त्यांना आवरेना. आवडाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून त्या डोळे पुसू लागल्या. त्यांच्याही लुगड्याला मागं तसाच सूर्य उगवला होता.

"चला दर्शनाला," श्वास सापडल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्याला पोरगी करायची हाय, गादी नाय. आन् खरं बोलणारा व्याही कचेरीत शोधून मिळायचा नाय तुमाला."

वकीलसाहेबांनी कोट काढून कमरेभोवती गुंडाळला आणि दर्शन घेतलं. नारळ तिथंच फुटला. येताना चौघं मोटारीत पोती अंथरून बसले.

मजीद परतला आणि त्यानं मोटारीचं दार उघडलं. तिथंच पायरीवर टेकला. मग उठून आवडाबाईंकडं पीठ मागितलं, हरभऱ्याचं, असेल तेवढं. आशाच्या लग्नाच्या लाडवांसाठी दळून ठेवलेला डबा आवडाबाईंनी मुकाट्यानं आणून दिला. गाद्यांवर पिठाचा थर देऊन मजीदनं रात्रभर ठेवला, सकाळी झटकला, पुन्हा दिला. पिठानं तेल ओढून घेतलं. डाळिंबाचा रंग मात्र गेला तो गेलाच. गाद्या पिकल्या जांभळासारख्या झाल्या.

"चमडा पीता है, आप्पासाब," तो एवढंच बोलला. "पर उसकू डुबाना नक्को."

वेरूळची हकीकत बद्रीनाथनं त्याला मागाहून सांगितली. मजीदनं ऐकून घेतली. पुढच्या जुम्म्याला आप्पासाहेब ओसरीवर पान जुळवत बसले होते, तेव्हा तो फेसाचं भांडं घेऊन समोर येऊन उभा राहिला आणि पिळलेलं मलमलचं फडकं त्यांच्या हातात दिलं.

"आज तुमी पुसा," तो म्हणाला. "मैं देखतौं."

आप्पासाहेबांनी पान खाली ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि वहाणा दाराबाहेर काढून मोटारीत शिरले.