मैनेचे थांबे

असं समजा बाळांनो, की भर उन्हात तुम्ही घोडीवर बसला आहात. पुढचे स्वार धुरळा उडवत निघून गेले आहेत आणि तुमची घोडी रस्त्याच्या मधोमध उभी आहे. दमलेली नाही, लंगडत नाही. नुसती उभी. काय कराल?

रहीम खाली उतरला आणि रिकिबीत पाय घालून पुन्हा वर चढला. त्याबरोबर मैना चालू लागली.

बांधावरचा जानराव पोट धरून हसला. "रहीमभाऊ, आज टांगा घरी हाय म्हून घोडीले सांगतलं नाही का?"

"सांगतलं ना बाप्पा. आयकते कोन!"

मैना टांग्याची घोडी. मंगरूळ ते पोहरादेवी या वाटेवरचा प्रत्येक थांबा तिला पाठ होता. थांब्यावर उभं राहायचं, उतारू चढल्याचा हिसका बसला की निघायचं. वर्षानुवर्षं ती हेच करत आली होती.

रामनवमीच्या जत्रेसाठी दौलतराव देशमुखांनी घोड्यांची लांब दौड ठेवली होती. पहाटे किन्हीराजाहून निघायचं, मंगरूळवरून दिवस मावळायच्या आत पोहरादेवी गाठायची. पहिला कोण, ते कोणी विचारणार नव्हतं. जो वेळेत येईल आणि ज्याचा घोडा धडधाकट असेल, त्याला दौलतराव स्वतःच्या हातानं रेशमी फेटा बांधणार होते. "ए टांगा!" या हाकेला उमरभर ओ देणाऱ्या रहीमला तो फेटा हवा होता. त्याच्या नातीला, मेहरबीला, त्याहून जास्त. आदल्या दिवशीच आईबरोबर पोहरादेवीला पोचून ती पोरासोरांना सांगत सुटली होती, "माह्या नानाले फेटा भेटनार हाय!"

असा चढत-उतरत रहीम मानोऱ्याला आला. दिवस अजून बराच वर होता. गावाबाहेरच्या लिंबाखाली मैना थांबली. रहीम उतरला, चढला. मैना हलेना. पुन्हा उतरला, चढला. ती कान टवकारून लिंबाच्या बुंध्याकडं बघत होती.

तिथं हिरीबाई बसली होती. जवळच्या तांड्यावरची म्हातारी, गुडघे आखडलेली. दर जत्रेला ती इथूनच रहीमच्या टांग्यात चढायची. दौडीचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"टांगा कुठी सोडला रे?"

"आज टांगा नाही, माय. दौड हाय. फेटा हाय."

"मंग जाय ना! माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यला?"

"मी त जातो व. मैना जाईन तवा!"

मैनेनं म्हातारीची ओढणी हुंगली.

"मारत काहून नाही तिले दोन?"

"उतारू सोडून जाऊ नको, हे म्याच शिकवलं तिले. आता त्याच्याच पायी मारू?"

रहीमनं डोक्याचा रुमाल सोडला, घडी करून खोगिरावर घातला आणि म्हातारीला उचलून वर बसवलं.

"घट्ट धर, माय. पडशीन त देशमुख मले दोर बांधतीन, फेटा नाही!"

हिसका बसला. मैना निघाली. रहीम लगाम धरून पायी चालू लागला.

ते पोचले तेव्हा दिवस मावळला होता. ढोल थांबले होते, उरलेले फेटे घेऊन दौलतराव उठून गेले होते. मैदानात एकटी मेहरबी पाण्याची बादली घेऊन उभी होती.

"माह्यापायी तुहा फेटा गेला रे, लेकरा," हिरीबाई उतरता उतरता म्हणाली.

"उन्हाळ्याचा कोन बांधते फेटा? डोक्सं उकळते," असं म्हणून रहीम हसला आणि आहे तिथंच बसला.

मेहरबी नानाच्या उघड्या, धुळीनं माखलेल्या डोक्याकडं बघत राहिली. तेवढ्यात मैनेनं बादलीकडं मान लांबवली. लांबून आलेल्या घोडीला आधी हळूहळू फिरवावं, घाम वाळू द्यावा, मग पोटभर पाणी द्यावं, हे नानानंच तिला शिकवलं होतं. तिनं बादली बाजूला ठेवली, बाहीनं नाक पुसलं आणि लगाम हातात घेतला.

"तुमी बसा, नाना."

फिरवता फिरवता देवळासमोरच्या चिंचेखाली मैना थांबली. परतीचे उतारू इथंच चढायचे. मेहरबीनं लगाम ओढला नाही. तिनं दोन्ही हातांनी रिकीब धरली, पाय वर घेऊन तिला लोंबकळली, आणि मग हळूच खाली उतरली.

मैना चालू लागली.