नेहमी, कधीकधी, कधीच नाही

प्रबंधाशिवाय पदवी नाही आणि पदवीशिवाय मी जन्मभर शाळेची शिट्टीवाली बाईच राहणार, म्हणून शहात्तर साली मी तो उद्योग अंगावर घेतला. विषय मार्गदर्शक सरांचा: खेळायला-पळायला घरून किती पाठिंबा आहे, असं मुलांना स्वतःला वाटतं, ते मोजायचं. मोजायचं म्हणजे सायक्लोस्टाइल केलेल्या वीस प्रश्नांपुढं खुणा करून घ्यायच्या. नेहमी, कधीकधी, कधीच नाही. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत शंभर पोरींना कागद वाटले आणि बजावलं, "नाव लिहू नका. मी कुणालाही दाखवणार नाही."

एका कागदावर अठरा वेळा 'कधीच नाही' होतं. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, 'अप्पा माझी पळणं कधीच बघत नाही. म्हशीसारखी पळतीस म्हणतात.'

'माझी पळणं' वाचल्यावर नावाची गरजच उरली नाही. घरी कानडी बोलणाऱ्या पोरी मराठीत 'माझा-माझी-माझं'ची अशी खिचडी करतात, आणि त्यांतली पळणारी एकच, आठवीतली दाक्षायणी. चारशे मीटरला जिल्ह्यात पहिली. तिला पुण्याला विभागीय स्पर्धेला जायचं होतं. फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस उद्यावर आलेला, आणि बापाच्या सहीसाठी तो आठवडाभर तिच्या घरी पडलेला.

माझं डोकं फिरलं. कागद पर्समध्ये टाकला आणि पाळी सुटायच्या वेळी, तिचा बाप कामाला होता त्या गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिले.

तिचे वडील ईश्वरप्पा बाहेर आले, केसांत कापूस, बरोबर साच्यावर कापड विणणारे चार-पाच सोबती. मी मागचापुढचा विचार केला नाही. "तुमच्या मुलीसारखी पळणारी पोर अख्ख्या जिल्ह्यात नाही! आणि तुम्हाला त्याचं सोयरसुतक नाही?"

सगळे वळून बघायला लागले. ईश्वरप्पांचा चेहरा पडला. "हळू बोला की, बाई."

मी कागद त्यांच्या हातात दिला. ओळीखाली बोट फिरवत त्यांनी वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे आमच्या दाक्षीनं लिवलं?"

"हो. बाप कसा वाटतो तिला, बघा." बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे कबूल करते.

सोबती पुढं गेल्यावर ते म्हणाले, "मी रोज येतो की बघायला. शाळंच्या मागल्या गल्लीत, पाण्याच्या टाकीपाशी हुबा ऱ्हातो. तुमीच दोनदा शिपाई धाडून हाकललंय मला."

मला आठवलं. पोरींच्या मैदानावर डोळा ठेवणारा कुणी टवाळ म्हणून मी त्याला हाकलायला लावलं होतं. लाज वाटली.

"मग तिला सांगत का नाही?"

"थोरली लई हुशार हुती, बाई. पयला नंबर काढला तवा मी पेढे वाटले, चारचौघांत कौतुक केलं. पंधरा दिवसांत तापानं गेली. लेकराला तोंडावर चांगलं म्हनू ने. म्हनून हिला म्हस म्हनतो."

माझ्या वीस प्रश्नांत या माणसासाठी एकही प्रश्न नव्हता.

त्यांनी खिशातून फॉर्म काढला. खाली वळणदार कानडीत सही केलेली. "आज गुपचूप तिच्या दप्तरात घालनार हुतो," ते म्हणाले. "आता तुमी सगळ्यांम्होरं तिला चांगलं म्हनलासा." आणि माझ्यादेखत त्यांनी फॉर्म फाडला, एकदा उभा, एकदा आडवा.

मी हातापाया पडले, शास्त्र सांगितलं, तापाचं आणि पेढ्यांचं नातं नसतं म्हणून घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हटलं, "निदान तुम्ही बघायला येता एवढं तरी तिला सांगते."

"न्हाई! शपथ हाय तुमाला. एकच ऱ्हायलीय."

मी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी दाक्षायणी माझ्यापाशी आली. "बाई, काल तुमी अप्पांना भेटलासा म्हनं. पाठवत्यात का?"

"नाही गं."

"काय म्हनाले?"

पोरीला दिलेला शब्द मी एका दुपारी मोडला होता. बापाला दिलेला मोडायला मला एक क्षण पुरला असता.

"काही नाही," मी म्हटलं.

"मला ठावं हुतं की," ती म्हणाली आणि प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तिला काहीच ठाऊक नव्हतं.